प्रौढांचे संध्याकाळचे वर्ग: पाच तारे, तेही प्रमुख बाईंमुळे

शाळा सुटून बरीच वर्षं झाली असली तरी इथे बिनधास्त जा. मी नोकरी सांभाळून जाते. मोठ्या माणसांच्या हातात इथे मुलांची अंकलिपी देत नाहीत. वीजबिल, बँकेचा अर्ज, औषधाच्या पाकिटावरची तारीख, पगाराची पावती, सगळं त्यावरूनच शिकवतात. प्रौढ माणूस स्वतःच्या अनुभवाला धरून शिकतो, हे अमेरिकन प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी आग्रहाने मांडलं होतं. बाईंनी ते वर्गात उतरवलंय.

कुणी गैरहजर राहिलं की बाई रात्री स्वतः फोन करतात. रागवायला नाही, तर शिफ्ट बदलली का, घरी कुणी आजारी आहे का, हे विचारायला. रात्रपाळीवाल्यांसाठी तोच धडा त्या सकाळी पुन्हा घेतात. नवख्या शिक्षकांच्या तासाला मागच्या बाकावर बसतात आणि नंतर त्यांच्याशी एकट्याने बोलतात.

संगणक मात्र कमी पडतात.

साक्षरतेच्या कामासाठी युनेस्को १९८९ मध्ये स्थापन झालेलं किंग सेजोंग पारितोषिक देतं. मग आपल्या वार्षिक समारंभात फक्त देणगीदारांचाच सत्कार का? व्यवस्थापनाने बाईंचं नाव पुरस्कारासाठी पाठवावं. शिफारसपत्रावर पहिली सही मी करते.