वाटी पुन्हा सरकली: व्यायाम की ऑपरेशन?

भाचीच्या गुडघ्याची वाटी कबड्डी खेळताना तिसऱ्यांदा बाहेरच्या बाजूला सरकली. "मावशी, व्यायाम करू की ऑपरेशन?" असं ती विचारतेय. माझाही गुडघा याच वाटेने गेलाय, म्हणून हे लिहितेय.

खर्चात फिजिओथेरपी स्वस्त, यावर वाद नाही. ऑपरेशनला विमा असला तरी नंतरच्या फिजिओचे पैसे खिशातून जाऊ शकतात.

मेहनतीचा हिशेब मात्र फसवा आहे. ऑपरेशन केलं की व्यायाम सुटला, असं नसतं. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू दोन्हीकडे कमवावेच लागतात. वर कुबड्या, आणि खेळात परतायला साधारण सहा महिने किंवा जास्त.

टिकाऊपणा हा खरा मुद्दा. वाटी सरकते तेव्हा तिला आतल्या बाजूने धरणारा एमपीएफएल हा अस्थिबंध (हाडांना जोडणारा दोरीसारखा बंध) फाटतो किंवा सैल पडतो. स्नायू आधार देतात, पण सैल बंध व्यायामाने घट्ट होत नाही. ऑपरेशनात बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) घेऊन नवा बंध बांधतात. वाटी मांडीच्या हाडाच्या ज्या खाचेत सरकते ती उथळ असेल किंवा वाटी फार वर बसत असेल तर तेवढ्याने भागेलच असं नाही. कधी हाडाचंही काम निघतं. म्हणून आधी एमआरआय. गुडघ्याला बांधायचा पट्टा? दोन्हीत तो सोबतीपुरताच.

पहिल्यांदाच सरकली असेल आणि हाडाचा किंवा कूर्चेचा (सांध्यातल्या हाडावरच्या गुळगुळीत थराचा) तुकडा सुटला नसेल, तर व्यायाम. वारंवार सरकत असेल, जिना उतरतानाही भीती वाटत असेल, तर ऑपरेशनचं बोला, कारण दर वेळी कूर्चा झिजण्याचा धोका असतो. भाचीला मी ऑपरेशनच सांगितलं, पण परीक्षा झाल्यावर.