अँजिओस्पर्म्स ३५३ प्रोब किट: जुन्या पानांनाही न्याय देतो, पण नमुन्यांचे पूल (एकत्र गट) नीट बांधा

वनस्पतींचे नाते शोधण्यासाठी डीएनएतून निवडक जनुके पकडणारा किट म्हणजे अँजिओस्पर्म्स ३५३. सपुष्प वनस्पतींच्या कोणत्याही कुलासाठी एकच किट, हा त्याचा दावा मोठा आहे. कुल आणि प्रजातींच्या (जीनस) पातळीवर तो खरा उतरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या संचात ३५३ केंद्रकीय जनुके पकडण्यासाठी १२० न्यूक्लिओटाइड लांबीचे ७५,१५१ प्रोब (जनुकाला चिकटणारे छोटे तुकडे) आहेत. सहाशेहून अधिक वनस्पतींच्या ट्रान्सक्रिप्टोममधून (पेशीतील सर्व आरएनएच्या क्रमांतून) प्रत्येक जनुकाचे मोजके प्रतिनिधी घेतले, ते अशा बेताने की नवा नमुना त्यांतल्या एखाद्याशी तरी ७० टक्के जुळावा. हरितलवकाचा जीनोम स्वस्तात मिळतो खरा, पण तो बहुधा एकाच पालकाकडून येतो, त्यामुळे संकराचा दुसरा पालक त्यात दिसतच नाही. केंद्रकीय जनुकांचा खटाटोप करायचा तो याचसाठी.

लायब्ररीचे, म्हणजे सिक्वेन्सिंगसाठी टोकांना अडॅप्टर जोडलेल्या डीएनए-तुकड्यांच्या संचाचे, साहित्य वेगळे घ्यावे लागते. ताज्या किंवा सिलिकात वाळवलेल्या पानांचा डीएनए सीटीएबी या रसायनाने काढून सोनिकेशनने (ध्वनिलहरींनी) साधारण ३५० बेसपर्यंत तोडा. हर्बेरियमचा (जतन केलेल्या वाळक्या नमुन्यांचा) डीएनए आधीच तुटलेला असतो. जेलवर पाहिल्याशिवाय तो सोनिकेटरला दाखवूही नका. लायब्ररी झाल्यावर अडॅप्टर-डायमर (एकमेकांनाच चिकटलेले रिकामे अडॅप्टर) मणी वापरून काढून टाका, नाहीतर सिक्वेन्सिंगचा मोठा हिस्सा तेच खातात.

खरी कसोटी पूल बांधताना, म्हणजे लायब्ररी एकत्र करताना लागते. एका कॅप्चरमध्ये (प्रोबने जनुके पकडण्याच्या एका खेपेत) अनेक लायब्ररी घालता येतात म्हणूनच हा किट परवडतो आणि बहुतेकांचे काम बिघडते तेही इथेच. ताजा आणि शंभर वर्षांचा नमुना एका नळीत घातले की लांब, शाबूत तुकड्यांची ताजी लायब्ररी बहुतेक रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) घेऊन जाते आणि जुन्याच्या वाट्याला पाचपन्नास जनुकेही धड येत नाहीत. मोठ्या आणि लहान जीनोमच्या वनस्पती एकत्र केल्या तरी तेच होते, कारण तितक्याच नॅनोग्रॅममध्ये मोठ्या जीनोमच्या लक्ष्यजनुकांच्या प्रती कमी असतात. म्हणून तुकड्यांची लांबी, जीनोमचा आकार आणि नाते पाहून गट पाडा. संकरण (प्रोब डीएनएला चिकटणे) ६५ अंश सेल्सिअसला होते. तुटक किंवा प्रोबपासून दूरच्या नमुन्यांना तापमान दोन-तीन अंशांनी उतरवल्यास फायदा होतो, मात्र नको असलेले तुकडेही थोडे अधिक येतात. कॅप्चरनंतरच्या पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या) फेऱ्या गरजेपुरत्याच ठेवा. जास्त फेऱ्यांनी रीड्सचा आकडा फुगतो, पण त्यातली भर बहुतेक डुप्लिकेटची असते. दोन्ही टोकांना वेगळे इंडेक्स (नमुना ओळखण्याच्या खुणा) लावाच.

रीड्स जुळवायला हायबपायपर हे सॉफ्टवेअर सोयीचे आहे. त्याला सोबतची मूळ लक्ष्यफाइल (जनुकांच्या संदर्भक्रमांची फाइल) न देता ‘मेगा३५३’ ही विस्तारित फाइल द्या. त्याच रीड्समधून अधिक जनुके हाती लागतात. ३५३ची ३५३ मिळतील अशी अपेक्षा मात्र नको. ही जनुके ‘एकप्रती’ म्हणून निवडलेली असली तरी बहुगुणित (गुणसूत्रांचे अनेक संच असलेल्या) वनस्पतींत एकाच जनुकाच्या दोन-तीन प्रती सापडतात. हायबपायपर पॅरालॉगचा (द्विगुणनातून आलेल्या प्रतींचा) इशारा देतो, तो वाचायचा असतो. त्या जनुकाचे झाड (वंशवृक्ष) सर्व प्रतींसह काढून पाहा. प्रती जातीनुसार गटात आल्या तर ती बहुधा अलील (एकाच जनुकाची रूपे) असतात. दोन समांतर फांद्या दिसल्या तर जुने द्विगुणन समजा, आणि एकतर ते जनुक वगळा किंवा अनेक प्रती हाताळणारे, जनुकांच्या झाडांतून जातींचा वंशवृक्ष बांधणारे सॉफ्टवेअर अ‍ॅस्ट्रल-प्रो वापरा. एकेक जनुक आखूड असल्याने त्याच्या झाडात कमकुवत फांद्या भरपूर असतात. अ‍ॅस्ट्रलला देण्याआधी १० टक्क्यांखालचा बूटस्ट्रॅप आधार (फांदी किती भरवशाची याचे माप) असलेल्या फांद्या मिटवून टाका.

जवळच्या जातींत किंवा एका जातीच्या समूहांत एक्झॉन (जनुकाचे प्रथिन ठरवणारे भाग) अपुरे पडतात. तिथे शेजारच्या इंट्रॉनांसह (मधल्या, जास्त बदलणाऱ्या भागांसह) जोडलेला क्रम वापरा. एकाच कुलावर काम असेल, तर त्या कुलासाठीचा खास संच, उदाहरणार्थ सूर्यफूल कुलाचा १,०६१ जनुकांचा, अधिक सूक्ष्म फरक दाखवतो.

तरीही हाच किट आधी घ्यावा असे वाटते, कारण सगळ्या जगाने हीच जनुके वाचली आहेत. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या नेतृत्वाखाली २०२४ मध्ये आलेल्या वंशवृक्षात ९,५०० हून अधिक जाती याच ३५३ जनुकांवर बसवल्या आहेत, आणि त्यांत जवळपास दोनशे वर्षांपूर्वीची हर्बेरियमची पानेही आहेत. तुमच्या दहा नमुन्यांना त्या झाडात थेट जागा मिळते. फक्त इतरांचे तयार क्रम उचलू नका. कच्चे रीड्स उतरवून त्याच लक्ष्यफाइलने स्वतः जुळवा, नाहीतर दोन प्रयोगशाळांनी निवडलेल्या वेगवेगळ्या प्रती एकाच अलाइनमेंटमध्ये (क्रमांच्या जुळणीत) येतात आणि झाडावर नसलेले नाते दिसू लागते.