आठ वारांचा किल्ट : हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या असलेला लोकरी घागरा. इथे ग्लासगोत बहुतेक लोक लग्नापुरता तो भाड्याने आणतात. मी स्वतःचा शिवून घेतला : ब्लॅक वॉच टार्टन (टार्टन म्हणजे चौकटींचं कापड, ब्लॅक वॉच हा त्यातला गडद निळा-हिरवा नमुना), आठ वार कापड, वाराला १६ औंस वजनाची जड लोकर. काहीशे पौंड गेले, पण आता ठामपणे सांगतो, घ्यायचा तर जड कापडाचाच घ्या. हलका किल्ट इथल्या वाऱ्यात उडतो. हा चालताना डौलात हलतो आणि पुन्हा जागेवर बसतो. भुरभुर पावसाचं काही वाटत नाही. जोराच्या सरीत मात्र ओली कड गुडघ्यामागे घासते.

खरी कारागिरी मागच्या चुण्यांत आहे. प्रत्येक चुणी अशी दुमडली आहे की टार्टनची चौकट मागेही अखंड दिसते. ड्रायक्लीनला देण्याआधी चुण्यांना कच्चे टाके घालून घ्या, नाहीतर धार जाते.

वर काय घालायचं? लग्नाला काळा बंदगळा घातला. पुण्याच्या शिंप्याकडून तो मुद्दाम आखूड करून घेतला होता, कारण नेहमीच्या लांबीचा कोट पुढची चामड्याची पिशवी, म्हणजे स्पोरन, झाकतो. फार देखणं दिसलं. कुर्त्याशी अजिबात जमत नाही, चुण्याच दिसेनाशा होतात. रोजच्यासाठी जाड विणीचा स्वेटर, घोट्यापर्यंतचे बूट, त्यावर दुमडलेले लोकरी मोजे. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघामागे फिरणारी चाहत्यांची फौज, टार्टन आर्मी, तर किल्टवर सरळ जर्सीच चढवते.

यात परंपरा बिघडते असं मला वाटत नाही. १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या, पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्यात किल्ट घालून मिरवला, तेव्हा या पोशाखाला दरबारी थाट आला. हा पोशाख सतत बदलतच आला आहे. एडिनबऱ्याचे हॉवी निकल्सबी डेनिमचे, चामड्याचे किल्ट शिवतात, तेही मला याच वाटेवरचे वाटतात.

एक तक्रार आहे. स्पोरन घासून पुढच्या पदरावर लव उठली आहे. रोज वापरायचा असेल तर मागून गुळगुळीत असलेला साधा चामडी स्पोरन घ्या. आणि माप पँटच्या कमरेवर देऊ नका. किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो, खालची कड गुडघ्याच्या मध्यावर येते. शिवणाऱ्यासमोर उभं राहूनच माप द्या.