वर्गाचा स्नेहमेळावा की तिघाचौघांची भेट?

शाळा सोडून बरीच वर्षे झाल्यावर स्नेहमेळाव्याचे निमंत्रण येते, तेव्हा जावे की न जावे एवढाच प्रश्न आपण स्वतःला विचारतो. वास्तविक जुन्या वर्गसोबत्यांशी पुन्हा संबंध जोडण्याचे तीन मार्ग आपल्यापुढे असतात: संपूर्ण वर्गाचा मेळावा, निवडक तिघाचौघांची वेगळी भेट आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरची हजेरी. या तिन्हींतून हाती लागणारी गोष्ट सारखी नसते. त्यामुळे आपल्याला वर्गाची आठवण येते आहे की वर्गातल्या काही माणसांची, हे आधी स्वतःशी स्पष्ट केलेले बरे.

ग्रुपचा विचार थोडक्यात आटोपता येतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये ग्रुपची सदस्यमर्यादा १०२४ केली, म्हणजे एक वर्गच काय, सगळ्या तुकड्या त्यात सहज मावतात. हरवलेले पत्ते शोधायला आणि तारीख ठरवायला यापेक्षा सोयीचे साधन नाही. मात्र कुणाचे वडील गेल्याची बातमी येते, तिच्याखाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागते आणि प्रत्यक्ष फोन एखादाच करतो, हेही आपण पाहतो. ग्रुप ही निरोपाची सोय आहे. तिला भेट समजू नये.

मेळाव्याला जाण्यातली पहिली धास्ती ओळख न पटण्याची असते. हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ३९२ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा सोडून तीस-पस्तीस वर्षे झालेल्यांनाही वार्षिकांकातल्या छायाचित्रांतून आपल्या वर्गसोबत्यांचे चेहरे सुमारे ९० टक्के अचूकतेने निवडता आले. नावे मनाने आठवून सांगणे मात्र पुष्कळच अवघड गेले. अर्थात तिथे समोर होते ते तेव्हाचे चेहरे, पिकल्या केसांचे आणि चष्म्याआडचे नव्हेत. म्हणून आयोजकांनी छातीवर लावायच्या बिल्ल्यावर शाळेच्या हजेरीपटातले नाव आणि त्या काळचे छायाचित्र छापले, तर निम्मा अवघडलेपणा दारातच संपतो. ज्यांचे आडनाव पुढे बदलले, त्यांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यकच आहे.

मेळाव्याचा खरा लाभ असा की, ज्यांना आपण एरवी कधीच बोलावले नसते अशी माणसे तिथे भेटतात. शेवटच्या बाकावरचा अबोल मुलगा आज किती मोकळेपणाने बोलतो, हे निवडक मित्रांच्या बैठकीत कळण्याचा संभवच नाही. त्याची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते. चार तासांचा कार्यक्रम आणि साठ माणसे धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटे येतात आणि भाषणे, सत्कार व समूहछायाचित्र यांतच त्यातला बराच भाग जातो. चार मिनिटांत हुद्दा, गाव आणि मुलांची शिक्षणे एवढेच सांगून होते. कोण किती पुढे गेला ही तुलना मेळाव्यात बळावते, ती माणसे वाईट असतात म्हणून नव्हे, तर तेवढ्या वेळात दुसरे काही बोलता येत नाही म्हणून.

याउलट लहान भेटीत संभाषण एकच राहते. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नोंदवले होते की, सहज जमलेल्या घोळक्यात एका संभाषणात साधारण चारच माणसे टिकतात. पाचवा आला की गप्पांना फाटा फुटू लागतो. लहान भेटीची अडचण निराळी आहे: पुढाकार आपल्यालाच घ्यावा लागतो. लारा अ‍ॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांच्या २०२४ च्या अभ्यासात, संपर्क तुटलेल्या मित्राला लिहिण्याची इच्छा असूनही आणि वेळ दिला असूनही, एकतृतीयांशाहून कमी लोकांनी संदेश पाठवला. दुसरीकडे पेगी लिऊ यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवले की, असा अनपेक्षित संपर्क समोरच्याला किती आवडेल याचा आपला अंदाज वास्तवापेक्षा कमी असतो. संकोच बहुधा आपल्याच बाजूला असतो.

शाळेत ज्यांचा छळ झाला, त्यांनी मेळाव्याचा निर्णय वेगळ्या निकषावर घ्यावा. क्षमायाचनेच्या अपेक्षेने तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने टोपणनाव ठेवले तो बहुधा ते विसरलेला असतो, आणि न विसरलेला तर भर गर्दीत तेच मोठ्याने उच्चारून हशा मिळवतो. त्या काळात पाठीशी उभ्या राहिलेल्या एकदोघांना वेगळे भेटणे त्यांच्यासाठी अधिक श्रेयस्कर आहे. ज्यांच्या मनात केवळ कुतूहल आहे त्यांनी मेळावा निवडावा. ज्यांच्या मनात एखादे विशिष्ट नाव आहे त्यांनी त्या व्यक्तीला आधी लिहावे आणि मेळाव्याच्या तारखेची वाट पाहू नये.

दोन्ही साधायचे असेल, तर मेळाव्याच्या आधीच तिघांशी बोलून दुसऱ्या दिवसाची सकाळ राखून ठेवावी. परगावाहून आलेली माणसे त्या सकाळी अजून शहरातच असतात, आणि हुद्दा, गाव व मुलांची शिक्षणे आदल्या दिवशीच सांगून झालेली असतात.