मानवी एन्झाइमच्या नावाखाली गुरांच्या रक्तातील एन्झाइम

रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक दुसऱ्या सजीवात घालून तयार केलेले, मानवी मँगनीज सुपरऑक्साइड डिसम्युटेज (एसओडी-२) संशोधनासाठी विकत घेणाऱ्यांनी हा अनुभव अवश्य वाचावा, कारण आम्हाला ज्या रीतीने फसवण्यात आले ती नेहमीच्या तपासणीत सापडत नाही.

हे एन्झाइम मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) गाभ्यात सुपरऑक्साइडचे, म्हणजे ऑक्सिजनच्या एका घातक रूपाचे, रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन यांत करते. पेशींच्या अर्कातील त्याचे प्रमाण मोजताना तुलनेसाठी आम्हाला शुद्ध मानवी प्रथिन हवे होते. एका मध्यस्थ पुरवठादाराने ते इतरांपेक्षा बरेच स्वस्त आणि लगेच देऊ केले. सोबतच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर ई. कोलाय या जिवाणूमध्ये निर्मिती, उत्तम शुद्धता, लॉट क्रमांक आणि जेलचे (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या पटलाचे) स्वच्छ छायाचित्र असे सर्व काही होते.

कुपीतील भुकटी विरघळवून आम्ही प्रथम तिची सक्रियता तपासली. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत झँथिन ऑक्सिडेजपासून निघणाऱ्या सुपरऑक्साइडमुळे सायटोक्रोम सी या प्रथिनाचे क्षपण (रिडक्शन) होते, आणि त्या क्षपणाचा वेग निम्म्यावर आणणारी मात्रा एक एकक धरली जाते. सक्रियता भरघोस निघाली. फसवणुकीचे मर्म नेमके येथेच आहे: सुपरऑक्साइड नष्ट करणारे कोणतेही एन्झाइम या चाचणीत उत्तीर्ण होते, मग त्यात मँगनीज असो, तांबे असो वा लोह.

जेलवर मात्र प्रथिनाचा पट्टा 16 किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचे एकक) आसपास आला. परिपक्व मानवी एसओडी-२ ची उपएकके सुमारे 22 किलोडाल्टनची असतात. विक्रेत्याला विचारले तेव्हा मायटोकॉन्ड्रियात नेणारा आरंभीचा भाग काढून टाकल्यामुळे प्रथिन लहान दिसते, असे शास्त्रीय वाटणारे उत्तर मिळाले. हे उत्तर ऐकून गप्प बसणारे अनेक जण असतील, म्हणून हिशेब स्पष्ट लिहितो. मूळ साखळी 222 अमिनो आम्लांची असते, त्यांतील 24 गळतात आणि 198 उरतात; 22 किलोडाल्टन हा आकडा ती गळाल्यानंतरचाच आहे. शुद्धीकरणासाठी जोडलेल्या टॅगमुळे (लहान जादा तुकड्यामुळे) वजन थोडे वाढेल, कमी कदापि होणार नाही.

यानंतर आम्ही सायनाइडची चाचणी केली. तांबे व जस्त असलेला डिसम्युटेज सायनाइडने निष्क्रिय होतो, मँगनीजचा होत नाही. आमच्या नमुन्याची सक्रियता जवळजवळ संपूर्ण नाहीशी झाली. ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमने तुकडे करून, त्यांची वजने मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत ते तुकडे गुरांच्या तांब्या-जस्ताच्या डिसम्युटेजशी जुळले. मानवी एसओडी-२ चा एकही सापडला नाही. गुरांच्या तांबड्या पेशींतून वेगळे केलेले हे एन्झाइम पूर्वापार सहज आणि स्वस्तात मिळते. प्रमाणपत्रावरील जेलचे छायाचित्रही त्याच विक्रेत्याच्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या कागदपत्रावर, केवळ बाजूचे आकडे बदलून, वापरलेले आढळले.

निष्कर्ष कळवल्यावर आधी साठवणुकीचे तापमान आमच्याकडून चुकल्याचा आरोप झाला आणि नंतर उत्तरेच बंद झाली. तापमान चुकले तर एन्झाइम मरते, त्याचा अमिनो आम्लांचा क्रम बदलून ते दुसऱ्या प्राण्याचे होत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. त्याहून मोठी हानी अशी की या नमुन्यावर आधारलेली सर्व मोजमापे रद्द करावी लागली, आणि ज्या सहकाऱ्यांनी आमच्याकडून थोडी मात्रा नेली होती त्यांनाही तसे कळवावे लागले.

आता आम्ही पैसे देण्यापूर्वी संपूर्ण अमिनो आम्लक्रम, टॅगची जागा, त्याच लॉटची मास स्पेक्ट्रोमेट्रीची मूळ फाइल आणि न कापलेले जेलचे छायाचित्र लेखी मागतो. निर्मिती ई. कोलायमधील असेल तर त्या जिवाणूचा स्वतःचा मँगनीज डिसम्युटेज कसा वेगळा केला, हेही विचारावे. तो सायनाइडला दाद देत नाही, त्यामुळे त्याची भेसळ सायनाइडच्या चाचणीतही उघड होणार नाही आणि तेथे अमिनो आम्लक्रमाचाच पुरावा लागेल.