दोनशे मिलिवॅटचा डब्ल्यूएसपीआर बीकन: उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतच्या वापरानंतरचा अनुभव

एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, एसआय५३५१ ही वारंवारता निर्माण करणारी चिप, एक लहान जीपीएस रिसीव्हर आणि शेवटी बीएस१७० जातीचे मॉसफेट (संकेताची शक्ती वाढवणारे ट्रान्झिस्टर), एवढ्या मोजक्या भागांतून आमच्या हौशी रेडिओ गटाने उभा केलेला वीस मीटर पट्ट्यावरचा (सुमारे १४ मेगाहर्ट्झ) डब्ल्यूएसपीआर बीकन, म्हणजे स्वतःची ओळख सांगणारा क्षीण संकेत आपोआप पाठवत राहणारा लहान ट्रान्समीटर, एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत पुण्यात माझ्या घरी चालू आहे. या काळात त्याने कडक उन्हाळा, वळवाचा पाऊस, संपूर्ण पावसाळा आणि आताची थंडी पाहिली असल्यामुळे त्याच्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते. माझे मत आरंभीच सांगतो: गप्पा मारण्यासाठी रेडिओ हवा असलेल्याने याच्या वाटेला जाऊ नये, परंतु स्वतःचा अँटेना आणि वरचे आकाश मोजून पाहण्याची आवड असलेल्या हॅमला (परवानाधारक हौशी रेडिओचालकाला) याच्याइतके प्रामाणिक आणि स्वस्त मापनयंत्र दुसरे मिळणार नाही.

आमच्या गटातील बहुतेक जण सेवानिवृत्त अभियंते आहेत. कोणाचे आयुष्य भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत पॉवर सप्लाय आणि कंट्रोल पॅनेल तयार करण्यात गेले, तर कोणाचे टेलिफोन एक्सचेंजमध्ये. आम्ही ८०८५ च्या ट्रेनर किटवर हेक्स कीपॅडने एकेक बाइट भरून प्रोग्रॅम लिहायला शिकलो, आणि २७१६ ईप्रॉम या स्मृती-चिपमधला मजकूर पुसायचा तर तिच्या काचेच्या खिडकीवर अतिनील दिवा पंधरा-वीस मिनिटे धरावा लागे. त्या पिढीच्या माणसाला ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम आणि १ किलोबाइट ईईप्रॉम एकाच चिपमध्ये मिळते आणि ती यूएसबीच्या तारेवरून काही सेकंदांत पुन्हा लिहिता येते, याचे अप्रूप आजही संपलेले नाही. रेडिओची आवडही जुनीच असल्यामुळे दोन्ही आवडी एका डब्यात बसवणारे हे काम आम्हाला मनापासून आवडले.

डब्ल्यूएसपीआर (वीक सिग्नल प्रोपगेशन रिपोर्टर) ही पद्धत जोसेफ टेलर यांनी २००८ मध्ये हौशी रेडिओसाठी आणली. जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ ते हेच. पुण्याच्या उत्तरेला नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना गोंगाटात बुडालेला अतिक्षीण संकेत वर काढण्याची ही विद्या रेडिओ खगोलशास्त्राच्या किती जवळची आहे हे वेगळे सांगायला नको. या पद्धतीत आपला कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे ओळखनाव), चार अक्षरांचा ग्रिड लोकेटर, म्हणजे नकाशावरील चौकटीचा संकेतांक (पुण्यासाठी एमके६८), आणि डीबीएममधील (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमधील) शक्ती एवढाच मजकूर ५० बिटांत बसवला जातो. त्याला ३१ शून्ये जोडून ८१ बिट होतात, चूक सुधारणाऱ्या कोडमुळे त्यांचे १६२ होतात, आणि ही १६२ चिन्हे चार अगदी जवळजवळच्या स्वरांतून ११०.६ सेकंदांत प्रक्षेपित होतात. संपूर्ण संकेताची रुंदी सुमारे ६ हर्ट्झ असते. त्यामुळेच २५०० हर्ट्झ बँडविड्थच्या संदर्भात उणे २८ डेसिबलच्या आसपास गेलेला, म्हणजे कानाला मुळीच ऐकू न येणारा संकेतही संगणक वाचू शकतो, आणि ऐकणारी स्टेशने आपले अहवाल इंटरनेटवर नोंदवतात.

यंत्राचा सर्वांत सुंदर भाग, माझ्या मते, अंकगणिताचा आहे. लागून असलेल्या दोन स्वरांमध्ये १.४६४८ हर्ट्झचे अंतर लागते, आणि ते १४ मेगाहर्ट्झवर मिळवायचे आहे. एसआय५३५१ च्या आत ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालणारा पीएलएल (वारंवारता गुणणारे मंडल) असतो, तो २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला पूर्णांक अधिक अपूर्णांकाने गुणतो, आणि नंतर एक विभाजक ती वारंवारता खाली आणतो. तयार लायब्ररी बहुधा अपूर्णांकाचा छेद म्हणून एक ठरावीक मोठी संख्या ठेवतात, त्यामुळे स्वरांचे अंतर जवळपास जमते, पण अचूक जमत नाही. आम्ही विभाजक ६० ठेवला. तो सम पूर्णांक असल्यामुळे विभाजक पूर्णांक पद्धतीत चालतो आणि संकेत स्वच्छ राहतो. १४.०९७१ मेगाहर्ट्झसाठी पीएलएल ८४५.८२६ मेगाहर्ट्झवर येतो, जो मर्यादेत आहे. आता बाहेर १.४६४८ हर्ट्झचा फरक हवा तर पीएलएलमध्ये ८७.८९ हर्ट्झचा फरक हवा, आणि २५ मेगाहर्ट्झला त्याने भागले की २,८४,४४४ ही संख्या मिळते. हाच छेद ठेवला की अंश एकेकाने वाढवत नेऊन चारही स्वर नेमके जागेवर पडतात. प्रोग्रॅममधील दशांश चिन्हांची सगळी गणिते काढून टाकून त्या जागी चार पूर्णांक आले, तेव्हा आमच्यातील जुन्या असेंब्ली लिहिणाऱ्यांना जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही.

प्रवर्धक आणि फिल्टर यांविषयी मात्र कोणीही घाई करू नये. एसआय५३५१ चा संकेत चौकोनी तरंगाचा असतो, आणि आदर्श चौकोनी तरंगात तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेचा घटक) मूळ संकेतापेक्षा फक्त साडेनऊ डेसिबलने कमी असतो. आपल्या बाबतीत तो ४२.३ मेगाहर्ट्झवर येतो. तो अँटेनापर्यंत जाऊ देणे हा नियमभंग आहे आणि शेजारधर्मालाही धरून नाही. आम्ही तीन टोरॉइड (कडीच्या आकाराच्या कोअरवर गुंडाळलेली कॉइल) आणि चार कपॅसिटर यांचा सात घटकांचा लो-पास, म्हणजे वरच्या वारंवारता अडवणारा, फिल्टर लावला. टोरॉइड पिवळ्या रंगाचे टी३७-६ जातीचे घ्यावेत, तार कोअरच्या आतून जितक्या वेळा जाईल तितके वेढे मोजावेत, आणि वेढे एका बाजूला दाटू न देता कोअरच्या बहुतेक परिघावर सारखे पसरावेत. कपॅसिटर सीझीरोजी, म्हणजेच एनपीओ जातीचेच हवेत. साधे एक्स७आर जातीचे लावले तर ते तापतात आणि त्यांचे मूल्य तापमानाबरोबर सरकते. आमचा पहिला प्रोटोटाइप अपेक्षेपेक्षा कमी शक्ती देत होता, तेव्हा गटातील सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी प्रोग्रॅम उघडून बसलेल्यांना शांतपणे सांगितले, “अहो, आधी फिल्टर मोजा, मग प्रोग्रॅमकडे वळा.” ५० ओमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या रोधावर) २०० मिलिवॅट मिळत असतील तर ऑसिलोस्कोपवर शिखरापासून शिखरापर्यंत सुमारे ९ व्होल्ट दिसले पाहिजेत. ही एकच मोजणी कागदावर लिहून डब्याला चिकटवून ठेवावी, कारण पुढे कधीही शंका आली तर तुलना करायला काही तरी हाताशी असते. मॉसफेट, पीसीबी, कनेक्टर आणि तार हे सगळे तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकानांतून मिळाले. टोरॉइड आणि एसआय५३५१ चे मॉड्यूल मात्र बाहेरून मागवावे लागले.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागली. वीस मीटरवर या पद्धतीसाठी १४.०९७० ते १४.०९७२ मेगाहर्ट्झ एवढीच २०० हर्ट्झची खिडकी आहे. साध्या क्रिस्टलमध्ये ३० पीपीएमची (दशलक्षात ३० भागांची) चूक सहज असते, आणि १४ मेगाहर्ट्झवर ती ४२० हर्ट्झहून अधिक होते. म्हणजे कॅलिब्रेशन न केलेला बीकन खिडकीच्या पूर्ण बाहेर ओरडत राहतो आणि जगात कोणीही त्याला ऐकत नाही. त्यासाठी आम्ही जीपीएसच्या दर सेकंदाला येणाऱ्या पल्सचा उपयोग केला. एसआय५३५१ च्या दुसऱ्या आउटपुटवर २.५ मेगाहर्ट्झ काढून ते एटीमेगाच्या टायमर-१ च्या मोजणी पिनवर दिले. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ही पिन सुमारे ६.४ मेगाहर्ट्झपर्यंतच विश्वासाने मोजते, त्यामुळे २.५ हा आकडा सुरक्षित आहे. चाळीस सेकंदांत दहा कोटी स्पंदने मोजली जातात, टायमर सोळा बिटांचा असल्यामुळे तो दीड हजाराहून अधिक वेळा भरून वाहतो, इंटरप्ट ती संख्या लक्षात ठेवतो, आणि शेवटी एका स्पंदनाची चूक म्हणजे ०.०१ पीपीएम इतकी सूक्ष्मता हाती येते. प्रक्षेपण चालू असताना हे दुसरे आउटपुट बंद ठेवणे आवश्यक आहे, कारण या चिपच्या आउटपुटांमध्ये एकमेकांत थोडी गळती होते आणि संकेत मलिन होतो.

तरीही कॅलिब्रेशनने सगळे सुटत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी खोली तापलेली असते, त्यात प्रक्षेपणाच्या पावणेदोन मिनिटांहून अधिक काळात मॉसफेट तापतात, आणि ती उष्णता त्याच डब्यातील क्रिस्टलपर्यंत पोहोचली की वारंवारता प्रक्षेपणाच्या मध्येच सरकू लागते. दूरच्या स्टेशनांच्या अहवालात ड्रिफ्टचा रकाना असतो, आणि दुपारच्या प्रक्षेपणांसाठी त्यात शून्याऐवजी सातत्याने उणे आकडे दिसू लागले तेव्हा रोग कुठे आहे हे लगेच कळले. उपाय दोन केले. डब्यात पीसीबीच्याच तुकड्याची भिंत उभी करून प्रवर्धक वेगळ्या कप्प्यात टाकला, आणि क्रिस्टल काढून तेथे २५ मेगाहर्ट्झचा टीसीएक्सओ (तापमान बदलले तरी स्थिर राहणारा ऑसिलेटर) कपॅसिटरमधून जोडला. अर्धा पीपीएमचा टीसीएक्सओ १४ मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ७ हर्ट्झ हलतो, आणि तेही सावकाश. त्यानंतर ड्रिफ्टचा रकाना बहुधा शून्यच दाखवतो. नव्याने बांधणाऱ्याने टीसीएक्सओ पहिल्या दिवसापासूनच घ्यावा.

अँटेना म्हणून गच्चीवर सुमारे दहा मीटर लांबीचा अर्धतरंग डायपोल आहे. वळवाच्या दिवसांत दुपारी ढग भरून येऊ लागले की कोॲक्स (अँटेनाची केबल) घरातून काढून बाहेर ठेवणे हा नियम आम्ही कधीही मोडला नाही आणि कोणीही मोडू नये. पावसाळ्यात फीडपॉइंटच्या (केबल अँटेनाला मिळते तेथील) जोडणीत ओल शिरून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचे माप) चढला होता. जोडणी उघडून, वाळवून, स्वतःशीच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळल्यावर ती तक्रार पुन्हा आली नाही.

फलिताविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण या यंत्राचे मोल तेथेच आहे. पुण्यातील सोसायटीत राहणाऱ्या हॅमचे मुख्य दुःख ऐकण्याचे असते: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर आणि चार्जर यांच्या गोंगाटात वीस मीटरवर एस-मीटर (संकेताची तीव्रता दाखवणारा मीटर) कायम वर असतो, आणि मग आपला अँटेनाच वाईट आहे असा समज होतो. बीकन हा समज तपासू देतो. येथे आपण फक्त बोलतो आणि ऐकण्याचे काम दूरच्या शांत ठिकाणची स्टेशने करतात, त्यामुळे अहवालातील आकड्यांत आपल्या इमारतीचा गोंगाट मिसळत नाही. दोनशे मिलिवॅट म्हणजे २३ डीबीएम; एवढ्या शक्तीवर संध्याकाळी युरोपातील स्टेशने नियमितपणे आमचा संकेत नोंदवू लागली, तेव्हा गच्चीवरची तार चांगली आहे आणि सुधारणा घरातील गोंगाटात करायची आहे हे निर्विवाद झाले. त्यानंतर आम्ही एक उभी तार लावून रिलेने दर दहा मिनिटांनी आलटून पालटून दोन्ही अँटेना वापरले आणि एकाच दूरच्या स्टेशनचे डेसिबलचे आकडे शेजारी शेजारी मांडले. एखाद्या अहवालावरून काहीही ठरवू नये, कारण आयनावरणातील चढउतार काही मिनिटांतही मोठे असतात. पण आठवड्याभराची नोंद मांडली की कोणत्या दिशेला कोणती तार उजवी हे दिसून येते. आमच्यातील एका सभासदांनी तर या नोंदींवरून तासागणिक आलेख काढले, आणि त्यात पट्टा सकाळी उघडतो कसा व रात्री मिटतो कसा हे पाहणे हा आमच्या रविवारच्या भेटीतील आवडीचा विषय झाला आहे.

उणिवाही आहेत. बीकन एकाच पट्ट्यावर चालतो. जीपीएसची लहान पॅच अँटेना खिडकीच्या गजाजवळ आकाश दिसेल अशी ठेवावी लागते. आतल्या खोलीत ती उपग्रह धरत नाही, आणि प्रक्षेपण ठरलेल्या क्षणीच सुरू व्हावे लागत असल्यामुळे वेळ काही सेकंदांनी चुकली तर सारे व्यर्थ जाते. डबा बंद केल्यावर आत काय चालले आहे हे फक्त दोन ओळींच्या एलसीडीवरून कळते. शिवाय हे यंत्र कितीही लहान असले तरी ते ट्रान्समीटरच आहे: दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा देऊन मिळणाऱ्या परवान्याशिवाय ते अँटेनाला जोडू नये, आणि घरात परवानाधारक उपस्थित नसताना ते चालू ठेवू नये. परवाना नसलेल्या उत्साही विद्यार्थ्याने डमी लोडवर सगळे बांधावे आणि मोजावे. शिकण्यासारखे नव्वद टक्के तेथेच आहे.

सध्या चाळीस मीटरची तयारी चालू आहे. प्रोग्रॅमच्या बाजूने काम अगदी थोडे आहे: ७.०४०१ मेगाहर्ट्झसाठी विभाजक १२० केला की पीएलएल ८४४.८१२ मेगाहर्ट्झवर येतो आणि छेद १,४२,२२२ होतो. फिल्टर मात्र नव्याने गुंडाळावा लागेल, आणि या पट्ट्यासाठी आम्ही लाल रंगाचे टी३७-२ टोरॉइड मागवले आहेत. दोन्ही फिल्टर लहान रिलेने बदलायचे की वेगळ्या प्लग-इन पट्ट्यांवर ठेवायचे यावर गटात दोन मते आहेत. माझे मत प्लग-इन पट्ट्यांच्या बाजूने आहे, कारण पट्टी हातात काढून घेऊन तिचा प्रतिसाद स्वतंत्रपणे मोजता येतो.