जुनी वेबसाइट, नवा लेखविभाग: मेनू आणि सर्च कसे जोडायचे?

संस्थेची वेबसाइट साध्या पीएचपी (सर्व्हरवर पान तयार करणारी प्रोग्रॅमिंग भाषा) पानांची, बरीच वर्षं नीट चाललेली. आता तिला लेखांचा विभाग जोडायचाय. बहुतेक जण आधी रंग आणि फाँट जुळवायला घेतात, पण ते तुलनेनं सोपं काम. निर्णय घ्यायचा तो दोन गोष्टींवर: मेनूतला बदल एकाच ठिकाणी करून भागतं का, आणि सर्चमध्ये जुनी पानं व नवे लेख एकत्र सापडतात का.

पहिला मार्ग म्हणजे सगळी वेबसाइटच वर्डप्रेसमध्ये, म्हणजे कोड न लिहिता पानं आणि लेख सांभाळता येणाऱ्या प्रणालीत, आणणं. जुन्या डिझाइनची थीम (वेबसाइटच्या रूपाचा साचा) करून घ्यायची आणि जुना मजकूर वर्डप्रेसच्या पानांत भरायचा. वर्डप्रेसमध्ये मेनू डॅशबोर्डवरून बदलण्याची सोय २०१० सालच्या ३.० आवृत्तीपासून आहे, त्यामुळे प्रशासकाचे अधिकार दिलेली कार्यालयातली कुणीही व्यक्ती तो बदलू शकते. सर्चही आपोआप एक होतो, कारण सगळा मजकूर एकाच डेटाबेसमध्ये असतो. पानं पन्नासच्या आत असतील तर माझं मत ठामपणे याच बाजूनं आहे. फक्त जुने पत्ते बदलणार असतील तर प्रत्येकाला ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) लावा, नाहीतर लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक तुटतील.

दुसऱ्या मार्गात जुनी पानं जागेवरच राहतात. त्यांच्या सुरुवातीला वर्डप्रेस लोड करून मेनू तिथून घ्यायचा. काम झटपट होतं, मेनूही सगळीकडे एकच दिसतो. पण इथे एक मेख आहे. वर्डप्रेस कुठल्या फाइलमधून लोड करता यावर बरंच अवलंबून असतं. नेहमीच्या ब्लॉग-हेडर फाइलमधून (wp-blog-header.php) केलंत, तर वर्डप्रेस त्या पत्त्याचा लेख शोधायला जातं, तो मिळत नाही आणि ब्राउझरला ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं कळवलं जातं. वाचकाला पान व्यवस्थित दिसतं, गूगलला मात्र ते अस्तित्वातच नाही असं वाटतं. म्हणून फक्त ‘लोड’ नावाची फाइल (wp-load.php) जोडायची. एवढं करूनही सर्चचा प्रश्न उरतोच: जुन्या पानांचा मजकूर डेटाबेसमध्ये नसल्यामुळे वर्डप्रेसच्या सर्चला तो सापडत नाही. गूगलची सर्च पेटी लावता येते, पण फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात आणि गूगलनं नोंद घेईपर्यंत नवा लेख त्यात दिसत नाही.

तिसरा मार्ग ह्यूगो (तयार एचटीएमएल पानं बनवणारं साधन) आणि पेजफाइंड (अशा पानांसाठी सर्च पुरवणारं साधन). सगळी पानं आधीच तयार करून ठेवायची, मेनू एका फाइलमध्ये लिहायचा, आणि तयार झालेल्या एचटीएमएलवरून पेजफाइंडनं सर्चची सूची बनवायची. डेटाबेस लागत नाही. जुनी पानं एचटीएमएल करून त्याच फोल्डरमध्ये ठेवली की तीही सूचीत येतात. मात्र पेजफाइंड प्रत्येक पानाच्या कोडमध्ये नोंदवलेली भाषा बघून प्रत्येक भाषेची वेगळी सूची करतं. जुन्या पानांवर कुणीतरी कधीकाळी ‘इंग्रजी’ अशी नोंद ठेवलेली असते; ती ‘मराठी’ केली नाही तर लेखांच्या पानावरून शोधणाऱ्याला जुनं पान मिळणारच नाही. लेख लिहिणारे तीन-चार जण असतील आणि त्यांना फाइली हाताळायची सवय नसेल, तर हा मार्ग घेऊ नका.

मराठी मजकुरासाठी आणखी एक गोष्ट बघायला हवी, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वर्डप्रेसचा सर्च टाइप केलेली अक्षरं जशीच्या तशी शोधतो. ‘घर’ टाकलं की ‘घरात’, ‘घराला’ सापडतं. ‘पाणी’ टाकलं तर ‘पाण्याचा ताळेबंद’ नावाचा लेख हाती लागत नाही, कारण सामान्यरूपात शब्दच बदललेला असतो. यावर उपाय म्हणून बरेच जण टॅगमध्ये मूळ शब्द टाकतात, पण वर्डप्रेसचा साधा सर्च टॅग बघतच नाही. तो शीर्षक, सारांश आणि मजकूर बघतो. तेव्हा मूळ शब्द सारांशात लिहा. पेजफाइंड वापरत असाल तर लेखाखाली ‘संबंधित शब्द’ अशी एक ओळ छापा.

लेखविभाग सबडोमेनवर (मुख्य पत्त्याच्या आधी वेगळं नाव जोडून केलेल्या पत्त्यावर) ठेवून तयार थीम लावायची, हाही पर्याय सुचवला जातो. त्यात मेनू दोन ठिकाणी सांभाळावा लागतो आणि काही दिवसांत दोन्हींत तफावत पडते. लेखविभाग वेगळ्या मंडळींच्या हाती असेल आणि मुख्य वेबसाइटला हातच लावता येत नसेल, तरच तो घ्या.